फायर एम्ब्लेम: चाल आपली, हिशेब शत्रूच्या टर्नचा

फायर एम्ब्लेम हा आळीपाळीच्या चालींनी लढायचा व्हिडिओ गेम बहुतेकजण एकाच ठिकाणी सोडतात. पहिले दोन-तीन मॅप सहज निघतात, हुरूप येतो, सगळी फौज घेऊन आपण पुढे सरसावतो आणि लगेच येणाऱ्या शत्रूच्या टर्नमध्ये दोन लाडकी पात्रं गारद होतात. मग ‘सगळा नशिबाचा खेळ’ म्हणत कन्सोल बॅगेत जातो. नशिबाचा वाटा आहेच, पण वाटतो त्यापेक्षा बराच कमी. बाकी सगळी बेरीज-वजाबाकी आहे आणि ती स्क्रीनवर उघडी मांडलेली असते. ती कशी वाचायची ते इथे सांगतो. आणि हा गेम ठाणे-वाशी लोकलमध्ये खेळायचा असेल तर काय सांभाळायचं, तेही.

आधी थोडी ओळख. फायर एम्ब्लेमचा पहिला भाग १९९० साली जपानमध्ये निन्टेंडोच्या फॅमिकॉम या कन्सोलवर आला. तेव्हापासून ही मालिका इंटेलिजंट सिस्टिम्स ही कंपनी बनवते आहे. जपानबाहेर पहिला भाग पोहोचला तो थेट २००३ मध्ये, गेमबॉय अ‍ॅडव्हान्स या हातातल्या कन्सोलवर. आज तो ‘द ब्लेझिंग ब्लेड’ या नावाने ओळखला जातो. पट चौकटींचा आहे, आधी आपली सगळी पात्रं चालतात, मग शत्रूची. बुद्धिबळाशी साम्य एवढंच, कारण बुद्धिबळात मोहरा टप्प्यात आला की मेला. इथे तो किती मार खाईल, उलटा किती देईल आणि वार लागेलच का, हे प्रत्येकाच्या आकड्यांवर ठरतं. शिवाय प्रत्येक पात्राला नाव आहे, स्वभाव आहे, लढून लढून ते तयार होतं, आणि मेलं की कायमचं जातं.

निन्टेंडोच्या स्विच या कन्सोलवर सुरुवातीसाठी तीन वाटा चांगल्या आहेत. २०१९ चा ‘थ्री हाउसेस’ गोष्टीसाठी खेळावा: तुम्ही एका मठातल्या लष्करी विद्यालयात शिक्षक असता आणि निम्मा वेळ शिकवण्यात, गप्पांत, चहापानात जातो. २०२३ चा ‘एंगेज’ लढाईसाठी. त्याची गोष्ट यथातथाच आहे, पण मॅप मालिकेतल्या उत्तम मॅपांमध्ये मोडतील असे आहेत. आणि तिसरा, तोच २००३ चा ‘ब्लेझिंग ब्लेड’. स्विच ऑनलाइन या निन्टेंडोच्या सशुल्क सेवेच्या एक्स्पान्शन पॅक सदस्यत्वात तो जून २०२३ पासून आहे. हिशेब शिकायचा असेल तर यापासून सुरुवात करावी असं आमचं स्पष्ट मत आहे, कारण आकडे लहान आहेत आणि मनातल्या मनात जमतात. म्हणून खालची उदाहरणं याच भागातली घेतली आहेत.

लढाईचं मूळ गणित एका ओळीत बसतं. ताकद अधिक हत्याराचा मार, उणे समोरच्याचा बचाव. जादूचा वार असेल तर बचावाऐवजी समोरच्याचा प्रतिकार वजा करायचा. याला दोन फाटे फुटतात. पहिला वेगाचा: तुमचा वेग समोरच्यापेक्षा ४ ने किंवा जास्त असेल तर तुम्ही एका झटापटीत दोनदा मारता (‘थ्री हाउसेस’मध्येही ४ च, ‘एंगेज’मध्ये मात्र ५). दुसरा हत्यारांच्या चक्राचा: तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला, भाला तलवारीला. ब्लेझिंग ब्लेडमध्ये भारी बाजूला मारात १ आणि वार लागण्याच्या टक्क्यांत १५ जास्त मिळतात, हलक्या बाजूचे तेवढेच कमी होतात. ‘थ्री हाउसेस’मध्ये हे चक्र जवळपास काढूनच टाकलंय. ‘एंगेज’मध्ये ते परत आलं आणि जास्त धारदार होऊन आलं: भारी हत्याराने मारलं की शत्रूच्या हातचं शस्त्र गळून पडतं आणि त्याला उलटा वार करता येत नाही.

आता एक झटापट अगदी जवळून पाहू.

ब्लेझिंग ब्लेडची सुरुवात लिन या तलवारबाज मुलीपासून होते. पहिल्या लेव्हलला तिचा एचपी (एकूण किती मार सोसेल तो आकडा) १६, ताकद ४, कौशल्य ७, वेग ९, नशीब ५, बचाव २. हातात लोखंडी तलवार: मार ५, वजन ५, अचूकता ९०. समोर एक दरोडेखोर समजा. एचपी २०, ताकद ५, कौशल्य १, वेग ३, नशीब ०, बचाव ३, हातात लोखंडी कुऱ्हाड: मार ८, अचूकता ७५.

लिनचा वार: ४ अधिक ५ म्हणजे ९, चक्राचा फायदा १ म्हणजे १०, त्यातून बचावाचे ३ गेले. उरले ७. वेगातला फरक ६, म्हणून वार दोन. एकूण १४. दरोडेखोराचे ६ एचपी शिल्लक राहतात, तो मरत नाही. त्याचा वार: ५ अधिक ८ म्हणजे १३, चक्राचा तोटा १, लिनचा बचाव २. म्हणजे १०. लिनचे १६ एचपी. एक वार ती सोसते, दुसऱ्यात संपते.

क्रम नीट पाहा. आपल्या टर्नमध्ये लिन मारते, दरोडेखोर उलटा मारतो, लिन पुन्हा मारते. मग शत्रूचा टर्न येतो आणि आता पहिला वार त्याचा असतो. तो आणि आधीचा उलटा वार, दोन्ही लागले तर लिन गेली. यातला एक जरी चुकला तरी त्याच्या हल्ल्यावर लिनचा उलटा ७ चा वार बसतो आणि दरोडेखोर संपतो.

मग त्याचे दोन्ही वार लागण्याची शक्यता किती? त्याची अचूकता ७५, अधिक कौशल्याची दुप्पट २, म्हणजे ७७. लिनची चुकवण्याची क्षमता वेगाची दुप्पट १८ अधिक नशीब ५, म्हणजे २३. ७७ उणे २३ म्हणजे ५४, चक्राचे १५ वजा, उरले ३९ टक्के. स्क्रीनवर ३९ दिसतं. तीच लिन झाडीच्या चौकटीत उभी राहून लढली तर चुकवण्यात २० आणि बचावात १ वाढतो. स्क्रीनवर १९ टक्के दिसतात आणि मार १० चा ९ होतो.

इथे एक गंमत आहे. गेमबॉय अ‍ॅडव्हान्सच्या भागांत स्क्रीनवर दिसणारा टक्का खरा नसतो. वार लागला की चुकला हे ठरवताना गेम ० ते ९९ मधले दोन आकडे काढून त्यांची सरासरी घेतो आणि ती दाखवलेल्या टक्क्याशी ताडून पाहतो. सरासरी मधल्या भागात जास्त वेळा पडते, म्हणून ५० च्या वरचे टक्के प्रत्यक्षात जास्त असतात आणि खालचे कमी. ९० दिसत असेल तर खरे ९८.१. ८० दिसत असेल तर ९२.२, ७० चे ८२.३. उलट ३० दिसलं तर खरे १८.३ आणि २० दिसलं तर फक्त ८.२. आपल्याला ८० टक्के म्हणजे ‘लागेलच’ आणि २० टक्के म्हणजे ‘नाही लागणार’ असं मनात वाटतं, गेमही तसाच वागतो. आपली पात्रं बहुधा चपळ आणि शत्रू बोजड, त्यामुळे या पद्धतीचा फायदा आपल्याच पारड्यात पडतो.

हे धरून वरचा हिशेब पुरा करू. मोकळ्या मैदानात दाखवलेले ३९ म्हणजे खरे सुमारे ३०.८ टक्के, आणि दोन वार लागोपाठ लागण्याची शक्यता साडेनऊ टक्के. झाडीत दाखवलेले १९ म्हणजे खरे ७.४, दोन्ही लागण्याची शक्यता अर्ध्या टक्क्याच्या जरा वर. म्हणजे शंभरात नऊ-दहा वेळा मरणारी मुलगी एक चौकट बाजूला सरकल्यावर दोनशेत एकदा मरते. हत्यार तेच, लेव्हल तीच. या गेममध्ये ‘चांगला खेळाडू’ म्हणतात तो बहुतांशी अशाच एका चौकटीच्या फरकावर ठरतो.

नवखे हमखास फसतात ती जागा म्हणजे भारी हत्यार. पोलादी तलवारीचा मार ८, लोखंडीपेक्षा ३ जास्त, म्हणून दुकानात पाहिली की घ्यावीशी वाटते. पण तिचं वजन १०, आणि लिनची देहयष्टी (हत्याराचं वजन पेलण्याचा आकडा) ५. वजन देहयष्टीपेक्षा जितकं जास्त, तितका वेग कमी होतो. म्हणजे वेग ९ चा ४ झाला. दरोडेखोराच्या ३ शी फरक १ उरला, दुसरा वार गेला. आता ती एकदाच मारते, १० चा. लोखंडीने १४ होत होते. त्यात पोलादीची अचूकता ७५, आणि वेग घटल्यामुळे चुकवणंही १० ने कमी. दरोडेखोराचे ३९ टक्के आता ४९ झाले. जास्त पैसे मोजून सगळ्याच बाजूंनी तोटा! सडपातळ पात्रांच्या हातात लोखंडी किंवा रुपेरी हत्यार द्यावं (रुपेरी तलवार मार १३, वजन ८, पण २० वारांत मोडते), पोलादी धिप्पाड लोकांना द्यावं. लोखंडी तलवार ४६ वार टिकते, पोलादी ३०. एका पात्राकडे पाचच वस्तू मावतात, म्हणून दोन हत्यारं, एक लांबून मारायचं, एक औषध एवढं बहुतेकांना पुरतं. औषधाची बाटली १० एचपी भरून काढते आणि तीनदा वापरता येते.

आता खरा मुद्दा. नवा खेळाडू आपल्या टर्नमध्ये कुणाला मारता येईल ते शोधत असतो. मुरलेला खेळाडू आधी विचार करतो की आपला टर्न संपल्यावर कोण कुणापर्यंत पोहोचेल. कारण साधं आहे: शत्रू संख्येने जास्त असतात. आपल्या टर्नमध्ये एक पात्र एकदाच लढतं, पण शत्रूच्या टर्नमध्ये त्याच पात्रावर चारजण तुटून पडू शकतात. ते पात्र टिकाऊ असेल तर चौघांना उलटे वार करून आपलं काम अर्धं करून टाकतं. हलकं असेल तर मरतं. मॅप पुढे सरकतो तो अशा टर्नमध्ये.

पल्ला मोजायची रीत अशी: शत्रूची चाल अधिक हत्याराची पोच. पायी सैनिक बहुधा ५ चौकटी चालतो, पोच १, म्हणजे ६ चौकटींत तो तुमच्या अंगावर येऊ शकतो. धनुर्धारी ५ अधिक २, म्हणजे ७. घोडेस्वार ७ अधिक १, म्हणजे ८. फेकीचा भाला हातात असेल तर आणखी एक. झाडीत पायी माणसाला एका चौकटीला दोन चालींचा खर्च येतो आणि घोड्याला तीन, उडणाऱ्याला काहीच जास्त नाही. ब्लेझिंग ब्लेडमध्ये शत्रूवर आर दाबलं की त्याची सगळी माहिती दिसते: चाल, हत्यार, पिशवीतल्या वस्तू. मॅप सुरू झाला की पहिला मिनिटभर हेच करावं, एकही पात्र हलवू नये. थ्री हाउसेस आणि एंगेजमध्ये सगळ्या शत्रूंचा एकत्रित पल्ला रंगवून दाखवायची सोय आहे. ती कायम चालू ठेवा, बंद करण्याचं एकही कारण नाही.

मग आमिष लावायचं. ज्याचा बचाव चांगला त्या एकाच पात्राला शत्रूच्या पल्ल्याच्या कडेला, शक्यतो झाडीत किंवा किल्ल्याच्या चौकटीत उभं करायचं. किल्ल्यावर बचाव २ ने वाढतो, चुकवणं २० ने, शिवाय दर टर्नला पाचवा हिस्सा एचपी भरतो. बाकी सगळे त्या रेषेच्या मागे. शत्रूचे एक-दोघेच पुढे येऊन मार खातात, पुढच्या टर्नला आपण त्यांना संपवतो, पुन्हा रेषा आखतो. कडेला म्हणजे खरंच कडेला हं. एक चौकट आत गेलं की दोनाऐवजी चारजण येतात.

आमिषाच्या हातात काय आहे हेही पाहा. शत्रूचा धनुर्धारी दोन चौकटींवरून मारेल तर साध्या तलवारीने उलटा वार होत नाही. फेकीचा भाला किंवा फेकीची कुऱ्हाड दिली तर जवळून आणि लांबून दोन्ही जमतं, मात्र ही हत्यारं जड आणि अचूकता कमी (भाल्याची ६५, कुऱ्हाडीची ६०). त्यामुळे वेगवान पात्राला ती देण्यात अर्थ नाही, बलदंडाला द्या. आपल्या धनुर्धाऱ्याला तर शेजारी येऊन मारणाऱ्यावर उलटा वार करताच येत नाही, म्हणून तो कधीच पुढच्या फळीत नको. आणि पंखांच्या घोड्यावरची फ्लोरिना मिळाली की तिला उगाच लांबवर उडवत नेऊ नका. उडणाऱ्यांवर बाणाचा मार खूप वाढतो आणि ती एक-दोन बाणांत जाते. टर्न संपवण्याआधी मॅपवर धनुष्यं किती आणि कुठे, एवढं मोजलं की ती शेवटपर्यंत टिकते.

कुमक हा वेगळाच ताप आहे. ठराविक टर्नला किल्ल्यातून, जिन्यावरून किंवा मॅपच्या कडेने नवे शत्रू येतात. काही भागांत, विशेषतः वरच्या डिफिकल्टीवर, ते आल्याआल्या त्याच टर्नमध्ये मारतात. हे आम्हाला कधीच पटलेलं नाही, कारण त्यात आधी विचार करायला वावच नसतो. उपाय एकच: रिकामे किल्ले आणि जिने संशयाने बघायचे, औषधोपचार करणाऱ्या पात्रांना त्यांच्या शेजारी उभं करायचं नाही.

पात्र मेलं की कायमचं गेलं, हा नियम ऐकून अनेकजण सुरुवातच करत नाहीत. पण तो आता सक्तीचा राहिलेला नाही. २०१० साली निन्टेंडोच्या डीएस कन्सोलवर जपानमध्ये आलेल्या भागात पहिल्यांदा कॅज्युअल मोड मिळाला: पडलेलं पात्र पुढच्या चॅप्टरला परत येतं. थ्री हाउसेस आणि एंगेजमध्ये तो आहेच, शिवाय टर्न मागे नेण्याची सोय आहे. एंगेजच्या नॉर्मलवर ती कितीही वेळा वापरता येते. आमचा सल्ला: क्लासिक मोड (मेलेलं पात्र परत न येणारा) घ्या आणि मागे जाण्याची सोय बिनधास्त वापरा. मरणाची भीती असली की चौकटी मोजल्या जातात. कॅज्युअलमध्ये आपण लोकांना ढकलत राहतो आणि गेमचा निम्मा रस निघून जातो. ब्लेझिंग ब्लेडमध्ये कॅज्युअल नाही, पण स्विच ऑनलाइनच्या अ‍ॅपमध्ये रिवाइंड (खेळ मागे नेणं) आणि सस्पेंड पॉइंट (कुठेही जतन करणं) आहेत, म्हणजे काम भागतं.

मागे जाऊन तीच चाल पुन्हा केली तरी तोच निकाल येतो, हे मात्र अनेकांना चक्रावतं. ९० टक्के असलेला वार चुकला, मागे गेलो, पुन्हा मारलं, पुन्हा चुकला! गेम रडीचा डाव खेळत नसतो. पुढचे आकडे आधीच रांगेत लागलेले असतात आणि मागे गेल्यावर ती रांग तशीच राहते. क्रम बदला. आधी दुसऱ्या कुणाला तरी लढायला लावा, तो त्या रांगेतले आकडे वापरून टाकेल, मग आपल्या माणसाच्या वाट्याला वेगळे येतील.

पात्रं तयार होतात त्याचं गणितही थोडं पाहू. दर १०० अनुभवाला एक लेव्हल, आणि लेव्हल वाढली की प्रत्येक गुणाची वाढायची शक्यता ठरलेली असते. लिनच्या ताकदीची ४० टक्के, वेगाची ६०, बचावाची फक्त २०. नऊ लेव्हलमध्ये ताकद सरासरी ३.६ ने वाढते. सरासरी म्हणजे हमी नव्हे. लागोपाठ पाच लेव्हल ताकद न वाढण्याची शक्यता शंभरात आठ आहे आणि तसं झालं की लोक तिला बाकावर बसवतात. बसवू नका, पुढच्या पाचांत निदान एकदा तरी ताकद वाढायची शक्यता शंभरात ब्याण्णव असते. दहाव्या लेव्हलपासून बढतीची वस्तू देऊन वरच्या वर्गात नेता येतं. २० पर्यंत थांबलं तर जास्त लेव्हल पदरात पडतात, पण सगळ्यांना विसावर नेण्याच्या नादात मधले चॅप्टर जड जातात. अडायला लागलं की बारा-तेरावर बढती द्या आणि पुढे चला.

ब्लेझिंग ब्लेडमध्ये लिनची गोष्ट संपून पुढची सुरू होते तिथे मिळणारा मार्कस हा घोडेस्वार. एचपी ३१, ताकद १५, बचाव १०. बाकी सगळ्यांच्या कितीतरी पुढे. त्याला वापरायचं की नाही यावर खेळाडूंचे कायमचे दोन तट आहेत. तो आधीच वरच्या वर्गातला असल्यामुळे शत्रू मारून त्याला अनुभव नाममात्र मिळतो, म्हणजे त्याने मारलेला प्रत्येक शत्रू नवशिक्यांच्या तोंडचा घास. पण त्याला अजिबात न वापरणं हेही खुळेपण. त्याला हत्यार काढून घेऊन नुसतं ढाल म्हणून उभं करा किंवा हलकं लोखंडी हत्यार द्या: तो शत्रूला अर्धमेला करील आणि शेवटचा वार कमी लेव्हलची मंडळी करतील. अनुभव त्यांना.

आता लोकल. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने वाशी साधारण अर्धा तास, ब्लेझिंग ब्लेडच्या सुरुवातीच्या एका चॅप्टरला तेवढा वेळ बरोबर पुरतो. पनवेलपर्यंत जाणाऱ्याला एंगेजचा एक मॅपही निघू शकतो, पण त्यासाठी ऑप्शन्समध्ये जाऊन लढाईची अ‍ॅनिमेशन्स बंद करावी लागतात. सुरुवातीला ती बघायला छान वाटतात, पाचव्या चॅप्टरनंतर नुसता वेळ खातात. एंगेजमध्ये दोन लढायांच्या मध्ये तळावर फिरून फळं गोळा करणं, व्यायाम करणं असले उद्योग असतात. ते गाडीत टाळा, घरी सोफ्यावर करा किंवा करूच नका.

स्विचचं पॉवर बटण एकदा दाबलं की गेम जिथल्या तिथे झोपतो, त्यामुळे ऐरोलीला उतरायचं असलं तरी हरकत नाही. अडचण वेगळी आहे: अर्धवट टर्न. सकाळी तीन पात्रं हलवून बंद केलं आणि संध्याकाळी परतीच्या गाडीत उघडलं, तर आपण आमिष कुणाला लावणार होतो तेच आठवत नाही. म्हणून थांबायचं ते शत्रूचा टर्न संपून आपला सुरू होतो तिथे. घणसोली सोडलं आणि कोपरखैरण्याला उतरायचं असेल तर नवी चाल सुरू करू नका. ब्लेझिंग ब्लेड खेळताना मध्येच दुसरा गेम उघडणार असाल तर आधी सस्पेंड पॉइंट करून ठेवा, नाहीतर अ‍ॅप बंद होतं.

ठाण्याला संध्याकाळच्या गर्दीत ९-१० नंबरवर उभं राहून कन्सोल बाहेर काढायच्या भानगडीत पडू नये. आत बसायला मिळालं, अगदी चौथी सीट का असेना, तर काढावा. उभ्याने एका हाताने खेळायचंच असेल तर सिस्टिम सेटिंग्ज, कंट्रोलर्स अँड सेन्सर्स, चेंज बटन मॅपिंग या वाटेने जाऊन डाव्या बाजूच्या झेडएलला ए आणि एलला बी चं काम द्या. कर्सर डाव्या बटणांवर, होकार-नकार डाव्या बोटांवर; टर्नवर चालणारा गेम आहे, घाई नाही, त्यामुळे हे खरंच जमतं. रिवाइंड आणि खांद्यावरची बटणं लागणारी कामं मात्र मग बसल्यावर.

चार्जिंगचं पाहा. २०१९ नंतरच्या साध्या स्विचवर आणि ओलेड मॉडेलवर साडेचार ते नऊ तास, लहान लाइट मॉडेलवर तीन ते सात. पॉवर बँक पीडी (जलद चार्जिंगची पद्धत) वाली, निदान १८ वॅटची घ्या. मोबाइलच्या जुन्या ५ वॅटच्या चार्जरवर खेळता खेळता टक्का वर सरकत नाही. निन्टेंडोने दिलेली तापमानाची मर्यादा ५ ते ३५ अंश आहे आणि ठाण्याचा मे महिना ती सहज ओलांडतो, म्हणून उन्हात उभ्या असलेल्या गाडीत कन्सोल ठेवून जाऊ नका. पावसाळ्यात एसी ऑफिसातून एकदम दमट प्लॅटफॉर्मवर आल्यावर काचेवर आणि आतही ओल धरते. पाऊचमध्ये सिलिका जेलची पुडी ठेवा, बाहेर आल्यावर पंधरा-वीस मिनिटं पाऊच बंदच राहू द्या.

घेण्याबद्दल. आपल्याकडे मिळणारे स्विच बहुतेक आयात केलेले असतात, त्यामुळे वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. बिलावर तो लिहून घ्या. सेकंड हँड घेताना समोर तीन गोष्टी करून पाहा: कार्ट्रिज वाचतं का, यूएसबी-सी केबल हलवल्यावर चार्जिंग तुटतं का, आणि वायफायला जोडून ईशॉप (निन्टेंडोचं ऑनलाइन दुकान) उघडतो का. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. छेडछाड केल्यामुळे बंदी आलेला कन्सोल ऑनलाइन जात नाही, आणि तसं असेल तर ब्लेझिंग ब्लेड विसरा. स्टिक आपोआप सरकत असेल तर मात्र किंमत पाडून घ्यायला हरकत नाही, फायर एम्ब्लेम बटणांवरच बरा खेळला जातो. स्विच २ स्वस्तात मिळतोय म्हणून भुलू नका: जपानमध्ये विकला जाणारा स्वस्त प्रकार फक्त जपानी भाषेतच चालतो आणि जपानच्या खात्यालाच जोडतो. कार्ट्रिजला प्रदेशाचं बंधन नाही, पण जपानी कार्ट्रिजमध्ये इंग्रजी असतेच असं नाही. डब्याच्या पाठीवर भाषांची यादी बघूनच पैसे द्या.

एक्स्पान्शन पॅकचं एकट्याचं सदस्यत्व अमेरिकन खात्यावर वर्षाला ४९.९९ डॉलर आहे, ते महिन्याचं मिळत नाही. कौटुंबिक ७९.९९ चं असतं आणि त्यात आठ खाती बसतात, म्हणून ओळखीतले चार-पाचजण मिळून घेतलेलं स्वस्त पडतं. ज्या देशाचं खातं त्याच देशाचं ईशॉप कार्ड लागतं, आणि खात्यात शिल्लक असेपर्यंत देश बदलता येत नाही; म्हणून कार्ड टाकण्याआधी देश पक्का करा. जुने गेम नेटशिवाय चालतात, फक्त सात दिवसांतून एकदा कन्सोल नेटला जोडावा लागतो. रविवारी रात्री घरच्या वायफायवर एकदा अ‍ॅप उघडून ठेवलं की आठवडाभर दिघा गावाच्या आसपास नेटवर्क गेलं तरी गेम अडत नाही.

यातलं सगळं पचलं आणि पुढे काय असं वाटलं, तर ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ची २०२५ ची नवी आवृत्ती बघा. तिथे सगळ्यांचे टर्न एकत्र नसतात. ज्याचा वेग जास्त त्याचा नंबर आधी लागतो. चौकटीला उंची असते, पाठीमागून केलेला वार जास्त लागतो, आणि पडलेल्या पात्राच्या डोक्यावर तीनाचा आकडा उलटा मोजू लागतो. तो शून्यावर यायच्या आत त्याला उठवलं नाही तर ते गेलं.